पान सात, तळाशी

मी पेपर विकतो. वाचणं गिऱ्हाइकाचं काम.
तरी ओफेलिया बेंतांकोर चौकातून येताना दिसली
की मी फळी उगाच दोनदा पुसतो,
कारण आता प्रश्न येणार.

पहिलं पान ती दुमडून काखेत मारते.
मंत्री पडला, मांस महागलं, गोदीतला संप मिटला,
"हे संध्याकाळी वाचीन, निवल्यावर."
आणि उभ्या उभ्याच पान सात उघडते,
जिथे गुडघेदुखीच्या जाहिरातींच्या मधे
चार बोटं जागेत
जगातलं सगळं शास्त्र कोंबलेलं असतं.

"वॉशिंग्टन, ऐक. ऑक्टोपस झोपेत रंग बदलतो म्हणे.
बरं, बदलतो. पण कसं कळलं त्यांना?
कुणीतरी रात्रभर काचेसमोर बसलं असेल ना?
डबा आणला होता का त्याने?
आणि त्याला डुलकी लागली तेव्हा
त्याचा रंग कुणी पाहिला?"
मी सुट्टे पैसे मोजतो.
मला काय ठाऊक, बाई.

तिच्या अकरा कादंबऱ्या आहेत.
मी दोन विकल्या, त्यातली एक तिलाच.
घोडे फार असतात, विधवाही.
ऑक्टोपस एकाही पुस्तकात नाही.
कात्रणं मात्र बिस्किटांच्या डब्यांत, डबे एकोणीस
(माझ्या बायकोने मोजले, फरशी पुसायला गेली तेव्हा).
काय करणार त्यांचं? "काही नाही. मुरू देत."

सगळ्यात लाडकी तिची चूकदुरुस्ती.
'कालच्या बातमीत ताऱ्याच्या अंतरातलं एक शून्य गळलं. दिलगीर आहोत.'
फळीला धरून हसली होती त्या दिवशी.
"एक शून्य, वॉशिंग्टन! काल दिवसभर
आपण त्याच्या दहापट जवळ होतो
आणि कुणाला साधा चटका नाही!"

मग जून. वरच्या अंगाला पाऊस, नदी फुगलेली.
पान सातच्या तळाशी एक ओळ असते, नदीची उंची.
आमच्या बाजूचे लोक तेवढीच वाचतात.
सहा मीटरला आमची गल्ली जाते.
"हे कोण मोजतं?" तिने विचारलं.
धक्क्यावरचा एलेउतेरिओ. रोज संध्याकाळी सहाला.
त्याच संध्याकाळी गेली, रबरी बूट घालून.

खांबावर रंगवलेल्या रेघा.
लाट चढते, पाच चौसष्ट. उतरते, पाच अठ्ठावन्न.
"मग कुठला आकडा लिहितोस?"
"मधला."
"मधला कसा कळतो?"
"बत्तीस वर्षं झाली, बाई. बॅटरी नीट धरा."

दुसऱ्या दिवशीही तिने बॅटरी धरली.
आणि त्याच्या पुढच्या सकाळी फळीपाशी येऊन
पान उघडलं, आणि हसलीच नाही.
"पाच सतरा? हे चूक आहे, वॉशिंग्टन. पाच एकाहत्तर."
माझ्या तोंडून निघून गेलं,
"कसं कळलं तुम्हाला?"
तिने माझ्याकडे पाहिलं,
जणू फळीच बोलली.
"मी उजेड धरला होता."

तोवर लोक गाद्या डोक्यावर घेऊन
चर्चमधून घरी परतायला लागले होते.
पाणी उतरतंय, छापून आलंय.
ती दारोदार गेली, बासष्टाव्या वर्षी, त्या बुटांत.
कुणी ऐकलं. आल्सिरा थांबली, तिचे सासरे थांबले.
बाकीचे म्हणाले, कादंबऱ्या लिहिते ती,
तिचं काय मनावर घ्यायचं.

दुपारी दोनला नदी उंबऱ्यावर होती.

'काल नदीच्या उंचीतले दोन आकडे उलटे छापले गेले. दिलगीर आहोत.'
हे तिने कापलं नाही. माझीच कात्री मागितली,
थोडा वेळ हातात धरली, परत ठेवली.
"किती गाद्या भिजल्या?"
तीन, म्हणालो. दोन सोरियानोंच्या.
एक माझी.

मग तिने विचारलंच,
तुला तर मी पहिल्यांदा सांगितलं होतं.

मी पेपर विकतो, बाई.
छापलेल्यावर मी विश्वास ठेवला नाही
तर कुणी ठेवायचा?

ती फळीवरचा पेपर उचलते.
छपरावर माझी गादी अजून ठिबकतेय.
ती वर बघते, मग घड्याळाकडे,
आणि मला दिसतं, तिचे ओठ हलतायत,
थेंब मोजतेय.